अकराव्या दारामागची खोली

"आपली आठवण इतरांशी जुळत नाही, उमाळकर सर," मेळने चौथ्यांदा सांगितलं. आवाज इतका गोड, की त्याच्यावर रागवायचीही पंचाईत.

"अहो, पण हा खेळ मी केलाय!" पद्माकर उमाळकर पडद्याकडे बघून ओरडले, आणि लगेच शेजारी ऐकू गेलं असेल या भीतीने त्यांनी खिडकी लावून घेतली.

"आपण निर्माते आहात याची नोंद आहे. म्हणून आपल्या आठवणीला एक पूर्णांक चार भार दिलेला आहे."

"किती?"

"एक पूर्णांक चार. सामान्य खेळाडूला एक असतो."

"म्हणजे मी एक माणूस आणि वर थोडासा."

"बरोबर," मेळ म्हणाली. टोमणा तिला कळत नसे. "आणि अकरावं दार हे भिंतीवर रंगवलेलं चित्र होतं, असं चारशे बारापैकी तीनशे एक्क्याण्णव खेळाडूंना आठवतं. आपल्या म्हणण्याप्रमाणे तिथे खोली होती. तसं एकट्या आपल्यालाच आठवतं."

उमाळकरांनी कपाळावर हात मारून घेतला. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी एक यंत्र त्यांना त्यांच्याच खेळाबद्दल समजावत होतं. आणखी वैताग याचा की, ते स्वतःच मनातल्या मनात विचार करायला लागले होते : तीनशे एक्क्याण्णव माणसं कशी चुकतील?

खेळाचं नाव 'अकरा दारं'. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, अमरावतीच्या तंत्रनिकेतनात उमाळकर ग्रंथपाल असताना त्यांनी आणि तिथल्या यंत्ररेखन शिकवणाऱ्या कुंदा इंगळे यांनी मिळून तो केला होता. पडदा एकरंगी, हिरवा. कापसाची एक बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी, तिच्यात अडकलेला खेळाडू, आणि प्रत्येक दारापाशी एक कोडं. कुंदाबाई आलेखाच्या कागदावर खोल्या काढत, उमाळकर चौकोन मोजून त्या संगणकात चढवत, कोडी रचत. फ्लॉपीवर घालून तो विदर्भातल्या शाळांना पाठवला, शाळांमधून घराघरांत गेला, आणि पुढे चार-पाच वर्षं उमाळकरांच्या पत्त्यावर पोस्टकार्डं येत राहिली. 'सहाव्या दारापाशी अडकलो आहे. कृपया कळवावे.' उमाळकर प्रत्येकाला उत्तर लिहीत. उत्तर सांगत नसत, फक्त पुन्हा कुठे बघायचं ते सांगत.

आता पुण्याची एक कंपनी तो खेळ नव्याने करत होती. अडचण एकच. मूळ खेळ कुठेच शिल्लक नव्हता. होत्या नव्हत्या तेवढ्या फ्लॉप्यांना बुरशी लागलेली. तेव्हा कंपनीने तो लोकांच्या डोक्यातून काढायचं ठरवलं, आणि त्यासाठी मेळ.

त्यामागचं शास्त्र गार्गीने त्यांना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. गार्गी ही कंपनीतली मुलगी, या खेळाची सगळी जबाबदारी तिच्यावर. आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते, ती म्हणाली होती. आठवताना मेंदू दर वेळी ती नव्याने बांधतो, आणि बांधताना चुकतो. पण दहा माणसं दहा तऱ्हांनी चुकतात. कुणी दार डावीकडे सरकवतो, कुणी उजवीकडे. शेकडो आठवणी एकावर एक ठेवल्या की या चुका एकमेकींना खोडतात आणि मधे उरतं ते जवळजवळ खरं असतं. मेळ माणसाला प्रश्न विचारते, तो बोलत असताना त्याच्या डोळ्यांची हालचाल टिपते, आणि त्याला खरंच आठवतंय की तो जागा भरून काढतोय हे वजन करून मांडते. या रीतीने त्यांनी एक हरवलेलं नाटकही उभं केलं होतं.

"आणि सगळे एकाच तऱ्हेने चुकले असले तर?" उमाळकरांनी तेव्हा विचारलं होतं.

"तसं सहसा होत नाही, सर," गार्गी हसून म्हणाली होती.

आज त्यांनी तिला पुन्हा फोन लावला. पडद्यावर ती काहीतरी खात बसली होती.

"गार्गी, तुमची ही बाई माझं ऐकत नाही."

"सर, मेळ बाई नाहीये."

"जे काय असेल ते. अकराव्या दारामागे खोली होती. कुंदाबाईंनी काढलेली. अहो, नावच 'अकरा दारं' आहे! दहा दारांच्या खेळाला कुणी अकरा दारं म्हणेल का?"

"त्यावर मेळचा खुलासा आहे, सर. अकरावं दार म्हणजे आपण शिकून बाहेर पडतो ते. आमच्या टीमला फार आवडला तो. खोल आहे."

"खोल!" उमाळकर उसळले. "ते कबुतरांच्या दालनानंतर डाव्या हाताला..." आणि ते मधेच थांबले.

कबुतरं? मूळ खेळात कबुतरं नव्हती. हिरव्या पडद्यावर उंदीर काढतानाही नाकी नऊ आले होते, कबुतरं कुठली! कबुतरं या पुणेकरांनी घातलेली, गाठी बांधायच्या प्रेसच्या दालनात, फडफडाटासकट. महिनाभर उमाळकर नव्या खेळाचे कच्चे भाग तपासत होते, आणि आता त्यांच्या डोक्यातल्या जुन्या दालनातही कबुतरं बसली होती. त्यांनी डोळे मिटून अकरावं दार आठवायचा प्रयत्न केला. दिसली ती नव्या खेळातली भिंत. गुळगुळीत, सुंदर, विटेविटेवर ऊन.

"सर? आहात ना?"

"गार्गी, एखादी गोष्ट एकट्यालाच आठवत असेल तर काय करतात?"

"दुसरा साक्षीदार लागतो. नियम असाय की त्याने नवा खेळ पाहिलेला नको, आणि कुणी त्याला आधी काही सांगितलेलं नको. नाहीतर ती त्याची आठवण राहत नाही ना, तुमचीच होते. इंगळे मॅडम आहेत ना वर्ध्याला? त्यांनी आमच्या तिन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही. तुम्ही जाऊन विचारा. पण सर, शुक्रवारी सगळं बंद करतोय आम्ही. त्यानंतर वीटसुद्धा हलणार नाही."

फोन ठेवून उमाळकरांनी खिडकी पुन्हा उघडली. कुंदा इंगळे. एकोणचाळीस वर्षांत त्यांना एक ओळ लिहिली नव्हती. म्हणजे लिहिली होती पुष्कळदा, टाकली नव्हती.

अकराव्या दारामागच्या खोलीत कोडं नव्हतं. फॅक्टरीत सरकी निवडणाऱ्या बाया आपली तान्ही मुलं ज्या खोलीत ठेवत, ती खोली. आढ्याला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या. कुंदाबाईंची आई मूर्तिजापूरच्या जिनिंगमध्ये कामाला होती, आणि त्या स्वतः तशाच झोळीत वाढलेल्या. दहा खोल्या डोकं पिकवल्यावर खेळाडूने इथे यावं आणि नुसतं बसावं, असं त्यांचं म्हणणं होतं. तीन आठवडे खपून त्यांनी ती खोली काढली. मग पोस्टकार्डं आली. शेकड्यांनी. बॉयलरबद्दल, वजनकाट्याबद्दल, भोंग्याबद्दल. त्या खोलीबद्दल एकही नाही. दोन वर्षं वाट पाहून कुंदाबाई म्हणाल्या, "लोकांना नाही आवडली सर. कोण कशाला झोळ्या बघत बसेल?" त्यांनी वर्ध्याला बदली मागून घेतली आणि नंतर खेळासाठी म्हणून काहीच काढलं नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी वाशीमच्या एका शिक्षिकेचं कार्ड आलं. अकराव्या दाराला तारखेचं कुलूप होतं. दाराअलीकडच्या खोलीतल्या पंचांगाच्या पानावर एका दिवसाभोवती लाल वर्तुळ, त्या दिवसाचा महिना आणि तिथी कुलपावर लावायची. तीनदा चुकलं की भोंगा वाजे आणि खेळाडू थेट फाटकाबाहेर. बाकीच्यांना वाटे, खेळ असाच संपतो. बाईंनी लिहिलं होतं, 'वैशाख वद्य पंचमी लावली. उघडत नाही. माझं काय चुकतंय?' त्यांचं काहीच चुकत नव्हतं. उमाळकर त्या संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन भिंतीवरच्या पंचांगापुढे उभे राहिले, आणि त्यांना आपली चूक दिसली.

ग्रंथालयात टांगलेलं पंचांग जबलपूरचं होतं. पुस्तकांच्या बांधणीवाल्याने आणून लावलेलं. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचं एकमत असतं, पण वद्य पक्ष लागला की आपण ज्याला वैशाख म्हणतो त्याला ते ज्येष्ठ म्हणतात. दिवस तोच, महिन्याचं नाव वेगळं. कुंदाबाईंनी पडद्यावरचं पान आपल्या घरच्या पंचांगावरून काढलं होतं. उमाळकरांनी कुलपाचा आकडा इंग्रजी तारखेवरून, समोरच्या भिंतीवर बघून घातला. ज्येष्ठ वद्य पंचमी. चाचणी घेतली तीही त्यांनीच. आपणच घातलेला आकडा आपणच लावला, दार उघडलं, कुंदाबाईंनी खोली पाहिली, चहा मागवला.

मराठी पंचांग बघणाऱ्या एकाही माणसाला ते दार उघडणं शक्य नव्हतं.

एक कार्ड पुरलं असतं. 'बाई, खोली लोकांनी नाकारली नाही, माझ्या चुकीमुळे ती कुणी पाहिलीच नाही.' पण ते लिहायला बसले की हात अडे. आधी लाज, मग उशीर झाल्याची लाज, मग इतका उशीर झाल्याची. दिवसांची वर्षं झाली.

बुधवारी सकाळी ते वर्ध्याच्या बसमध्ये बसले. शर्टाला कंपनीने दिलेलं बटणाएवढं यंत्र लावलेलं, आणि त्याचाच एक मणी कानात. मेळ त्यातून ऐकत-बोलत होती.

"उमाळकर सर, स्मरण करून देते. साक्षीदाराला खोलीविषयी काहीही सांगू नये. फक्त विचारावं : अकराव्या दारापाशी काय होतं?"

"माहितीय."

"स्वर शांत ठेवावा."

"माझा स्वर शांतच आहे!" उमाळकर म्हणाले, आणि पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं.

कुंदा इंगळ्यांनी दार उघडलं, दोन क्षण त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "म्हातारे झाले न हो सर तुम्ही."

"तुम्ही... तुम्ही मात्र..."

"मी पण झाले. राहू द्या. बसा."

खोलीत एक मोठं तिरकं टेबल, त्यावर रेघोट्यांचे कागद. आजूबाजूच्या बचतगटांना त्या घरांचे नकाशे काढून देत. त्यांनी चहा टाकला, चिवडा पुढे केला, आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पुण्याच्या पोरीची पत्रं आली होती. टाकून दिली मी. त्याच्यासाठीच आला असाल."

"एकच प्रश्न विचारायचाय," उमाळकर पाठ केल्यासारखे म्हणाले. "अकराव्या दारापाशी काय होतं?"

"हे असं काहून बोलताय? कोर्टात उभे असल्यासारखे?"

"तुम्ही फक्त सांगा न."

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहितीय. पण मला सांगता येत नाही."

कुंदाबाईंनी त्यांना निरखून पाहिलं. "सर, डॉक्टरला दाखवलं का?"

"अहो, मी ठणठणीत आहे! हे यंत्र आहे इथे. ते ऐकतंय. तुम्ही स्वतःहून सांगितलं तर चालतं, मी सांगितलं तर चालत नाही. तुम्ही सांगितलं नाही तर ते लोक तिथे भिंत घालणारेत."

"घालू द्या."

"काय?"

"भिंत घालू द्या म्हणलं. बरंच आहे." त्या चहा गाळायला वळल्या. "एकाही माणसाला जी आवडली नाही, ती पुन्हा कशाला काढायची? एकदा झाली तेवढी शोभा पुरे. चाळीस वर्षं झाली, मी विसरले सगळं. चहा घ्या आणि दुपारची बस पकडा."

उमाळकरांच्या कानाशी मेळ कुजबुजली, "साक्षीदाराने खोलीचा उल्लेख केलेला नाही. प्रश्न पुन्हा विचारावा."

त्यांनी पुन्हा विचारला. कुंदाबाईंनी कप इतक्या जोरात ठेवला की चहा बशीत सांडला. त्यांनी तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, आपण या बाईला पुन्हा तेच करतोय. खरं ते पोटात ठेवून तिला तिच्याच कामाबद्दल वाईट वाटू देतोय, आणि तेही नियमात बसावं म्हणून. सांगितलं तर साक्ष बाद होईल, खोली कायमची जाईल. नाही सांगितलं तर बाई आयुष्यभर हेच समजत राहतील. आणि आयुष्य आता उरलंय किती!

"उमाळकर सर, आपल्या नाडीचे ठोके वाढले आहेत," मेळ म्हणाली.

"गप्प बस!" उमाळकर म्हणाले.

"मला म्हणता?" कुंदाबाईंच्या भुवया चढल्या.

"तुम्हाला नाही हो! कुंदाबाई, ती खोली कुणी पाहिलीच नाही. माझं कुलूप चुकलं होतं. जबलपूरच्या पंचांगावरून घातलं मी. ते वद्यात महिना एक पुढे धरतात. तुमच्या पानावर वैशाख, माझ्या कुलपात ज्येष्ठ. दार उघडणं शक्यच नव्हतं. तुमच्या झोळ्या आपण दोघं सोडून या जगात कुणी पाहिल्या नाहीत. आणि मला हे एकोणचाळीस वर्षांपासून माहितीय."

कुंदाबाईंनी बशीत सांडलेला चहा कपात परत ओतला.

"एकोणचाळीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि पोस्टकार्ड मिळत नव्हतं का हो अमरावतीला?"

उमाळकरांनी चिवड्याची बशी उगाचच सरकवली.

"सगळ्या दुनियेला उत्तरं लिहायचे तुम्ही. सहाव्या दाराला काय करू, सातव्या दाराला काय करू. मला एक कार्ड नाही टाकता आलं? मी चित्रं काढायची सोडली, सर. लोकांना वाटलं बाई नोकरीत रमली. मी आईला सांगितलं होतं, तुझी खोली संगणकात आहे म्हणून. ती विचारायची, कुणी काही बोललं का गं? ती जाईपर्यंत विचारायची. आणि मी म्हणायची, नाही बोललं, आई." त्यांचा आवाज चढत गेला. "कुणाला दिसलंच नाही तर बोलणार काय, कप्पाळ!"

"माझी चूक आहे. मी—"

"चूक कुलपाची होती, ती मी समजू शकते. पुढचं काय होतं? पुढची चूक नव्हती."

यंत्रातून बारीक सूर निघाला. या वेळी मेळ कानात न कुजबुजता मोठ्याने बोलली, कारण नियम तसा होता. "साक्षीदाराला माहिती देण्यात आली आहे. इंगळे मॅडम यांची साक्ष खोलीच्या आतील भागासाठी बाद धरली जाईल."

"ही कोण?" कुंदाबाई दचकल्या.

"हीच ती," उमाळकर वैतागून म्हणाले. "गेलं सगळं. मी काही करायला गेलो की असंच होतं."

"तथापि," मेळ पुढे बोलत राहिली, "उमाळकर सरांच्या कबुलीमुळे गणित बदललं आहे. एकशे त्र्याऐंशी खेळाडूंना स्वतः कुलपावर लावलेला महिना आठवतो. सर्वांचा महिना वैशाख आहे. म्हणजे खेळाडूंच्या चुका स्वतंत्र नव्हत्या, त्यांना एकच कारण होतं. दार रंगवलेलं होतं ही आठवण दार न उघडल्यामुळे नंतर तयार झाली असावी. अकरावं दार खरं होतं असं मी मान्य करते. आत काय होतं, ते अज्ञात आहे. नव्या खेळात दार उघडेल. आत अंधार असेल."

"म्हणजे?" कुंदाबाईंनी उमाळकरांना विचारलं.

"म्हणजे दार मिळालं, खोली नाही."

उमाळकरांनी तिथूनच गार्गीला फोन लावला. तिने सगळं ऐकलं, दोनदा 'ओह माय गॉड' म्हणाली, आणि मग म्हणाली, "एक करता येईल. अज्ञात जागा निर्मात्यांना भरता येते. इंगळे मॅडमनी शुक्रवारपर्यंत चित्र दिलं तर आम्ही घालू. फक्त त्यावर 'नवी भर' असं लिहावं लागेल."

"नवी?" उमाळकर ताडकन उभे राहिले. "अहो, तीच तर खेळातली सगळ्यात जुनी गोष्ट आहे! ती मूळ आहे! कबुतरं मूळ म्हणून चालतात, आणि—"

"फोन द्या इकडे," कुंदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तो सरळ हातातून काढून घेतला. "पोरी, नवी लिही नाहीतर जुनी लिही. लोकांना दिसेल का?"

"दिसेल, मॅडम. सगळ्यांना."

"दार उघडेल न? हे पुन्हा कुलूप घालणार नाहीत न?"

"नाही, मॅडम. उघडंच ठेवू."

कुंदाबाईंनी फोन परत दिला, टेबलावरचे नकाशे बाजूला केले आणि कोरा कागद पसरला. दुपारच्या बसची आठवण त्यांनी करून दिली नाही. उमाळकरांनीही निघायचं नाव काढलं नाही. गार झालेला चहा घेऊन ते स्टुलावर अंग चोरून बसून राहिले.

आढं आलं. झोळ्या आल्या. रेघ ठाम होती. उमाळकर मान पुढे काढून मोजत होते. सहा, सात, आठ. त्यांच्या डोक्यातली ती गुळगुळीत भिंत हळूहळू मागे सरत होती. झोळीच्या पिळाला दिलेली ती गाठ, हो, अशीच होती. त्यांना हायसं वाटलं. मग कुंदाबाईंनी खोलीच्या कोपऱ्यात काहीतरी वेगळंच काढायला घेतलं. आधी पाठ, मग पदर, मग एक हात, झोळीची दोरी धरलेला. ओढणारा नाही, नुसता धरलेला. सरकीचे कण चिकटलेले केस.

उमाळकरांना राहवेना. आयुष्यभर पुस्तकं जागच्या जागी ठेवलेला माणूस.

"कुंदाबाई," ते भीत भीत म्हणाले, "मूळ खेळात त्या नव्हत्या. खोली रिकामी होती."

"तेव्हा मला आई काढता येत नव्हती." कुंदाबाईंनी मान वर केली नाही. "आणि मूळ खेळात तुमचं दार उघडत नव्हतं, सर. गप बसा, आणि उजेडातून बाजूला सरका."

उमाळकर सरकले.